ताम्हिणी चढून आलेलं गलबत

मुळशी धरणाच्या काठावरून समुद्र गाठायचा म्हटलं तर अख्खा ताम्हिणी घाट उतरून माणगावच्याही पुढं जावं लागतं. तरीही तिथल्या एका रिसॉर्टच्या आवारात तीन पावसाळे एक गलबत उभं होतं. पाण्यात नव्हे, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, काँक्रीटच्या चौथऱ्यावर. ते रोज झाडायचं आणि पुसायचं काम अनुसया ओव्हाळ करायची. तेच गलबत उतरवताना तिचा मुलगा प्रमोद त्याच्याखाली सापडून गेला होता. दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक होत्या. पाहुण्यांना त्यातली एकच ठाऊक असायची, आणि तीही भुताची गोष्ट म्हणून.

रिसॉर्टचा मालक पुण्याचा. सुट्टीत कोकणात फिरताना दिघीच्या पलीकडच्या एका खाडीत, चिखलात रुतून बसलेलं हे शिडाचं गलबत त्याच्या नजरेत भरलं. तिथल्या गावातलं कुणी त्याला हात लावत नव्हतं. झपाटलेलं आहे, म्हणत. मालकाला तेच आवडलं. त्यानं ते मधोमध करवतीनं कापून घेतलं आणि दोन ट्रेलरवर चढवून घाटानं वर आणलं. मागचा अर्धा भाग एका वळणाला अडकला, तेव्हा घाट अर्धा दिवस बंद होता. ढाब्यांवरची माणसं कामं टाकून बघायला गेली. डोंगरात जहाज, कुणी कधी पाहिलंय? काही बायांनी तर त्याला हळदकुंकूही वाहिलं.

प्रमोद तेव्हा घरीच होता. पिरंगुटच्या कंपनीनं कंत्राटातला ब्रेक देऊन घरी बसवलं होतं. आयटीआय केलेला, अंगापिंडानं शिडशिडीत, आणि जड वस्तू उचलायची म्हटली की पट्टा कुठं बांधायचा, वजन कुठं झुकेल हे बघायची त्याला आवड. क्रेनवाल्याला हाताखाली माणसं हवी होती. प्रमोद आपण होऊन गेला. सकाळी भाकरी खाता खाता आईला म्हणाला, "आये, दुपारच्याला ये की बघायला. परत असलं कुटं दिसायचंय तुला?"

अनुसया निघालीही होती. वाटेत समोरून पळत येणाऱ्या माणसांनी तिला धरलं आणि मागं फिरवलं. कुणी काही सांगेना. नुसते म्हणत होते, "काकू, घरी चला. आधी घरी चला." मागचा भाग चौथऱ्यावर टेकवताना क्रेनचा पट्टा तुटला होता.

त्यानंतरचे दिवस अनुसयाला नीटसे आठवत नाहीत. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिसरण-पंचशील झालं, प्रमोदच्या मित्रांनी दोन शब्द सांगितले, एकाला पुढं बोलता येईना. बाया तिच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू दुःख त्यांच्याच घरात झालंय. "रड गं बाई, मोकळी हो," असं सगळ्या सांगायच्या. तिला रडू येत नव्हतं. पुढं एकदा भाकरी भाजताना तिचा हात तव्याला टेकला, तो तसाच राहिला. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा तिनं तो उचलला. मुलगी मोनिका सासरहून येऊन महिनाभर राहिली, तिनंच मलम लावलं.

नवरा ज्ञानदेव हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तिथंच जवळ नेऱ्याला दोघातिघांत एक खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. कार्यक्रम झाल्यावर तो कामावर परतला. आधीही तो फार बोलत नसे. आता घरी आला की अंघोळ करायचा, जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

मग रिसॉर्टची माणसं घरी आली. "मावशींना आमच्याकडं काम देतो," म्हणाली. गावाला वाटलं, आता ही चप्पल काढते. अनुसया म्हणाली, "कवापास्नं यायचं?" ती हो का म्हणाली हे तिचं तिलाही कधी सांगता आलं नाही. मोनिका फोनवर ओरडली, "आई, तुला दुसरं कुठं काम मिळालं नसतं का?" अनुसया म्हणाली, "मिळालं आसतं की." आणि दुसऱ्या दिवशी ती झाडू घेऊन शिडीनं गलबतावर चढली.

तोवर दोन्ही तुकडे जोडून झाले होते. सांध्यावर लोखंडी पट्ट्या मारून वर तपकिरी रंग दिला होता. डोलकाठी नवी, शीड प्लास्टिकच्या कापडाचं. पुढच्या टोकाला, नाळेजवळ, जुन्या अक्षरांत नाव कोरलेलं तेवढं खरं होतं, 'भवानीप्रसाद'. खाली माल भरायच्या कप्प्यात मंद दिवे आणि बसायला गाद्या. अनुसया फळ्या झाडायची, कठडे पुसायची, गाद्यांवरचे चुऱ्याचे कण वेचायची. मागच्या बाजूलाही पुसायची, जसं पुढं पुसायची तसंच. बघणारा बघत राही, हिला काही होतं का. तिला काही होत नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मॅनेजर पाहुण्यांना गलबतावर जमवून त्याची गोष्ट सांगायचा. कौस्तुभ त्याचं नाव, पुण्याचा पोरगा, अपघातानंतर पाच-सहा महिन्यांनी लागलेला. सांगायचा झकास. मंगळूरहून कौलं भरून निघालेलं गलबत, पावसाळ्याआधीची शेवटची फेरी, एकाएकी उठलेलं वादळ. खलाशी गायब. दुसऱ्या दिवशी गलबत एकटंच, शीड फाटलेलं, कौलं जशीच्या तशी, खाडीच्या तोंडाशी येऊन उभं! तेव्हापासून ओहोटीच्या वेळी आतून पाणी उपसल्याचा आवाज येतो. इथं आवाज उतरवून तो म्हणायचा, "आणि मंडळी, इथं आल्या आल्याही त्यानं एक बळी घेतला. एक तरुण मुलगा. तो याच्या मागच्या भागाखाली सापडला. आमचे लोक सांगतात, कधी कधी तिथून पट्टा आवळल्यासारखी करकर ऐकू येते."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास किंचाळायचं. मग हशा व्हायचा, मोबाइल बाहेर निघायचे. अनुसया कडेला ट्रे घेऊन रिकाम्या कपांची वाट बघत उभी असायची.

तो मुलगा अनुसयाचा, हे कौस्तुभला स्वयंपाकघरातल्या कुणीतरी सांगितलं. तो तसाच तिला शोधत मागं कपडे वाळत घालायच्या जागी आला. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही मला. आजपासून तो भाग मी बंद करतो."

अनुसया चादर पिळत होती. ती म्हणाली, "सांगा की. मला काय बी हुत न्हाई."

"असं कसं, मावशी?"

"न्हाई हुत, सर. तुमी सांगताना वाटतं, दुसऱ्याच कुनाचं तरी सांगतायत."

त्यानं तो भाग गाळला. पण गोष्ट एकदा सुटली की कुणाच्या हातात राहते? पाहुण्यांनी ती मोबाइलवर टाकली होती, येणारे आपण होऊन विचारायचे. गावातही पसरली. दळण आणायला गेली की चक्कीवर बाया कुजबुजायच्या. एकीनं तर धीर करून विचारलं, "अनुसे, आमच्या ह्यांनी तुज्या पम्याची शिट्टी ऐकली म्हनं जहाजावर. तू तर रोज आसतीस. तुला न्हाई दिसला?"

"न्हाई," अनुसया म्हणाली.

त्या आठवड्यात ज्ञानदेव घरी आला तेव्हा जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "अवो, मेल्यालं मानूस येतं का वो परत?"

ज्ञानदेव चमकून बघू लागला. "आपन दीक्षा घेतल्याली मानसं. आपल्यात भुतंखेतं मानत न्हाईत. लोकं लाख बोलतील." आणि तो भिंतीकडं वळला.

तिलाही ते पटत होतं. लहानपणापासून तिनं तेच ऐकलं होतं, पोरांना तेच शिकवलं होतं. पण सगळ्या गावाला प्रमोद दिसत होता, ऐकू येत होता, आणि आपल्याच वाट्याला काही नाही, हे तिच्या मनातून जाईना. काम संपल्यावर ती खालच्या कप्प्यात जाऊन बसू लागली. दिवे घालवलेले, वर कुणाचं पाऊल नाही. ओल्या लाकडाचा आणि जुन्या माशाच्या तेलाचा वास यायचा. लाकूड कुठंतरी कुरकुरायचं. ती ऐकत बसायची. ते लाकूडच असायचं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, नाकात मोठी नथ, गुडघे धरून एकेक पायरी चढणारी. चंद्राबाई तिचं नाव. तिची नात आरोही हिंजवडीत कामाला होती. तिनं कुठंतरी गलबताचा फोटो पाहिला, नाव वाचलं आणि आजीला दाखवलं. आजीनं हट्टच धरला, मला तिथं ने.

कौस्तुभनं त्या संध्याकाळीही गोष्ट सांगितली. सगळे माना वळवून डोलकाठीकडं, कप्प्याच्या अंधाराकडं बघत होते. चंद्राबाई बघत होती अनुसयाकडं. गोष्ट संपून मंडळी खाली उतरली, तेव्हा ती जागेवरून हलली नाही. अनुसया कप गोळा करत तिच्यापाशी आली.

"बस गो बाय जराशी," म्हातारी म्हणाली. "सगळे गलबताकडं बघत व्हते. तू तेवढी खाली जमिनीकडं बघत व्हतीस. तुझा कोण गेला?"

अनुसयानं ट्रे खाली ठेवला. "ल्योक."

चंद्राबाईनं मान हलवली. मग म्हातारी म्हणाली, "माझा बापूस व्हता ह्या गलबतावर. तो पोरगा सांगतो तसं काय गायब बियब न्हाय झाले. पाणी आत याया लागलं. तांडेल व्हता गलबताचा मुख्य, त्याला वाटलं, आता बुडते. त्यानं सगळ्यांना छोट्या होडीत उतरवलं. होडी उलटली. प्रेतं लागली किनाऱ्याला, कुठं कुठं. माझ्या बापसाचं न्हाय लागलं. आणि ही बया बुडलीच न्हाय. हिच्यावर नुसते बसून ऱ्हायले असते तर सगळे घरी आले असते."

"मंग भुताचं?"

"लोकांना ते एवढं सोसलं न्हाय गो. मोकळं गलबत एकटं घरी येतं म्हणजे काय? मग कुणाला पाणी उपसल्याचं ऐकू याया लागलं, कुणाला तांडेलाची हाक. आमची आई रोज ओहोटीला चिखल तुडवत जायची आणि आत बसायची. मला बरोबर न्यायची. मी पण हाक मारायची, बाबा, बाबा म्हणून." ती थोडं हसली. "सगळ्या गावाला ऐकू यायचं. आईला कधी न्हाय आलं. मलाही न्हाय."

"मंग तुमच्या आईनं काय केलं?"

"काय करणार? एक दिवस जायची बंद झाली. कोलंबी सोलायला लागली. माणसं काय करतात?"

अनुसयाला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. पण आलं नाही. तिनं म्हातारीला हाताला धरून शिडीवरून उतरवलं. खाली आल्यावर चंद्राबाईनं गलबताच्या पोटावर तळवा टेकवला, थोपटल्यासारखं केलं आणि नातीला म्हणाली, "चल."

त्या साली पाऊस कोसळला तो ताम्हिणी-मुळशीचाच पाऊस. दिवस दिवस समोरचा डोंगर दिसायचा नाही. खाऱ्या पाण्यात आणि चिखलात इतकी वर्षं टिकलेलं लाकूड त्या गोड्या पाण्यानं खाल्लं. फळ्यांवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. अनुसया पुसायला गेली की फडक्याबरोबर लाकडाचा भुगा हाताला यायचा. गणपती झाल्यावर एका पाहुण्याचा पाय फळीतून खाली गेला आणि मांडीपर्यंत सोलवटून निघाला. मालक पुण्याहून आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाडून टाका. तिथं मुलांना खेळायला काहीतरी करू."

पाडायचं काम शंभू नावाच्या पौडच्या ठेकेदारानं घेतलं. त्याची माणसं परप्रांतातली, पण गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. सकाळी आले ते लांबच उभे राहिले. शंभूनं नारळ फोडला, उदबत्त्या लावल्या. मग एकानं बिचकत बिचकत पहिला घाव घातला. आतून लांबलचक करकर आवाज आला, अख्खं गलबत कण्हल्यासारखं. माणसं हत्यारं टाकून गेटापर्यंत पळाली.

"अंदर कोई है, साहब," त्यातला मुकादम शंभूला म्हणाला. "हम नहीं तोड़ेंगे."

शंभूनं शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. कौस्तुभ मालकाला फोन लावत होता. पडवीतून अनुसया हे बघत होती. ती उठली, पदर खोचला आणि आवार ओलांडून शिडीपाशी गेली.

"मावशी, कुठं चाललात?" कौस्तुभ ओरडला. "फळ्या कुजल्यात."

"कुटली कुजलीया ते मला ठावं हाय." ती वर चढली, मागच्या भागात जिथं लाकूड अजून घट्ट होतं तिथं कठड्याला टेकून बसली आणि खाली शंभूला म्हणाली, "मी हितं बसते. तुमी म्होरनं तोडा. आत काय न्हाई. त्यास्नी सांगा, मेलेल्याची आई बसलीया, काय आसंल तर आदी तिला धरंल."

शंभूनं हिंदीत काय सांगितलं कोण जाणे. माणसं परत आली. आधी चोरट्या नजरेनं तिच्याकडं बघत, मग हळूहळू हात चालू लागले. नाळ सुटली, नावाची फळी खाली आली. डोलकाठी दोर लावून आडवी केली. प्रत्येक घावाबरोबर अनुसयाच्या पाठीला लाकूड हादरायचं. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी पाण्याची बाटली वर दिली, ती तिनं शेजारी ठेवली.

माणसं बिड्या ओढायला थांबली तेव्हा सगळं शांत झालं. अनुसयानं खाली वाकून, फळ्यांच्या फटीतून त्या मोकळ्या कप्प्यात बघितलं. आणि गेल्या तीन वर्षांत न घेतलेलं नाव तिनं मोठ्यानं घेतलं.

"पम्या!"

बिडी ओढणाऱ्यांनी माना वर केल्या. कौस्तुभ जागच्या जागी थांबला. अनुसया ऐकत राहिली. धरणाच्या बाजूनं वारा आला, रस्त्यावरून एसटी गेली. त्यापलीकडं काही नव्हतं.

थोड्या वेळानं शंभू शिडीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकी, आता उतरा. मागलाच भाग ऱ्हायलाय." ती उतरली. मागचा भाग पडताना ती बाकीच्यांबरोबर उभी राहून बघत होती. दिवस मावळायच्या आत चौथऱ्यावर नुसता लाकडाचा ढीग उरला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोनं तोही गेला.

ज्ञानदेव सुट्टीला आला तेव्हा गावानं त्याला वाटेतच सगळं सांगितलं होतं. घरी आल्यावर तो अंघोळीला गेला नाही. उंबऱ्यावरच बसला.

"तू वर बसलीवतीस म्हनं."

"व्हय."

"कशापायी?"

"मानसं भ्याली व्हती." मग ती म्हणाली, "मी हाक मारली त्याला."

ज्ञानदेव तिच्याकडं वळला. "मंग?"

ती बघतच राहिली. तीन वर्षं भिंतीकडं तोंड करून झोपलेला, आपल्यात मानत नाहीत म्हणणारा हा माणूस श्वास धरून तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"मंग काय न्हाई," ती म्हणाली.

"काय बी न्हाई?"

"न्हाई."

ज्ञानदेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. शेजारची माणसं दारात आली आणि बघून परत गेली. अनुसया त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचं थांबेपर्यंत तो तिथंच ठेवला.

दिवाळीनंतर ज्ञानदेवानं नेऱ्याची खोली सोडली. आता तो पहाटेच्या एसटीनं हिंजवडीच्या वाटेला लागतो आणि अंधार पडता पडता घरी येतो. येण्याजाण्यात जीव निघतो, पण राहायला घरीच असतो. अनुसया रिसॉर्टवर स्वयंपाकघरात भाकऱ्या थापते. चौथऱ्यावर आता मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या लावल्यात आणि भुताचं गलबत कुठं गेलं म्हणून अजूनही कुणी ना कुणी विचारतं. ती सांगते, पाडलं.

परवा ज्ञानदेव जेवता जेवता थांबला. म्हणाला, "अगं, आमटीत मीठ न्हाई."

तिनं बोट बुडवून चाखून बघितलं. खरंच नव्हतं, आणि तिची त्याच आमटीशी अर्धी भाकरी खाऊन झाली होती.

"कवापास्नं आसं हुतंय?" तिनं विचारलं.

"लई दिस झालं," तो म्हणाला. "म्या बोललो न्हाई."

ती उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.